गांधर्व महाविद्यालयाचा उपदेशकवर्ग व स्वरलिपीच्या वह्या

(१) प्रास्ताविक

संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा गवयांवर खिळलेली असते. कोणत्या दरबारी कोण नामांकित गवई होता, त्याचे घराणे कोणते आणि त्याची मर्जी कोणावर होती, एवढे सांगितले म्हणजे इतिहास पुरा झाला असे मानण्याचा प्रघात आहे. त्या गवयाने आपली विद्या कोणास, कोणत्या रीतीने व कोणत्या अटींवर दिली, शिकणाऱ्याने ती कशावर टिपून ठेवली, आणि पुढे तो स्वतः शिकवू लागला तेव्हा त्याच्या हाती कोणते साधन होते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. वास्तविक विद्येची परंपरा टिकते ती याच प्रश्नांच्या उत्तरावर. मैफल एका रात्रीत संपते. शिक्षक तीस-चाळीस वर्षे शिकवितो, आणि त्याचे विद्यार्थी त्यापुढे आणखी तितकीच वर्षे शिकवितात.

प्रस्तुत लेखात अशा एका संस्थेचा विचार करावयाचा आहे, की जिने गायनशिक्षक घडविण्याचा उद्योग हेतुपुरस्सर व पद्धतशीरपणे केला. ती संस्था म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोर येथे स्थापिलेले गांधर्व महाविद्यालय. त्याचा वंश चालविणारे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ मिरज येथे व ठाणे जिल्ह्यातील वाशी येथे नांदत आहे. सबब पंजाबात सुरू झालेली ही हकीकत अखेरीस आपल्याच अंगणात येऊन ठेपते.

सिद्ध करावयाचा मुद्दा एकच आहे. या विद्यालयाची वास्तू लिलावात गेली, संस्थापक निवर्तला आणि मूळ स्थान परमुलखात गेले; तथापि विद्यालय बुडाले नाही. याचे कारण त्याचा उपदेशकवर्ग होय. त्या वर्गातून निघालेल्या शिक्षकांच्या वह्या हेच या इतिहासाचे अस्सल कागद. ते ओळखावे कसे, हे लेखाच्या उत्तरार्धात सांगितले आहे. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस तो भाग विशेष उपयोगी पडेल.

(२) पूर्वस्थिती

एकोणिसाव्या शतकापर्यंत गायनविद्या मिळविण्याचा राजमार्ग म्हणजे गुरुगृही राहून सेवा करणे. शिष्याने पाणी भरावे, तंबोरा लावावा, गुरूचा मेहनतीचा वेळ राखावा, आणि गुरूची लहर लागेल तेव्हा जे कानी पडेल ते कंठात साठवावे, अशी ही रीत होती. तिच्यातून थोर गायक निर्माण झाले यात शंका नाही. परंतु किती शिकवावे, किती दिवसांत शिकवावे आणि काय मागे ठेवावे हे सर्वस्वी गुरूच्या इच्छेवर अवलंबून असे. घराण्याची खास चीज पुत्रावाचून दुसऱ्यास न देणारे उस्ताद अनेक होते. त्यांच्याबरोबर ती चीजही गेली.

या काळातील लेखी साधन म्हणजे चिजांच्या वह्या. अशा वहीत माथ्यावर राग व ताल यांची नावे, खाली स्थायी व अंतरा यांचे शब्द, एवढेच असते. स्वरांचा पत्ता नसतो. ज्याने ती चीज ऐकली आहे त्यास ही वही आठवणीपुरती पुरते. ज्याने ऐकली नाही त्यास तिचा शब्दांखेरीज उपयोग नाही.

ही अडचण पलुसकरांच्या आधीही काही जणांच्या ध्यानी आली होती. कलकत्त्यास सौरींद्रमोहन ठाकूर यांनी १८७१ साली संगीतशाळा काढली. पुण्यास बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे यांच्या खटपटीने १८७४ साली गायन समाज निघाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा चालू केली व स्वरलिपीची पुस्तकेही छापली. सारांश, शाळा ही कल्पना नवी नव्हती, स्वरलेखनही नवे नव्हते. नवे जे होते ते पुढे दिसून येईल.

(३) संस्थापकाचे पूर्वचरित्र

विष्णु दिगंबर यांचा जन्म कुरुंदवाड येथे शके १७९४ च्या नारळी पौर्णिमेस, म्हणजे १८ ऑगस्ट १८७२ रोजी झाला. कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या लहान संस्थानांपैकी एक. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम उडून त्यांच्या डोळ्यांस इजा झाली आणि शाळेचे शिक्षण खुंटले. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांस गायनासाठी ठेवण्यात आले. बुवा हे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे अग्रणी. त्यांच्यापाशी मिरज संस्थानाच्या आश्रयाने कित्येक वर्षे खडतर अध्ययन करून १८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली.

मिरज सोडण्याचे कारण म्हणून त्यांचे चरित्रकार एक गोष्ट सांगतात. एका समारंभाचे निमंत्रण बुवांस आले, पण त्यांच्या गुरुजींस आले नाही; गवई म्हणजे करमणुकीचा नोकर, ही समजूत त्यातून उघड झाली व ती त्यांच्या जिव्हारी लागली. ही आख्यायिका शब्दशः घ्यावी न घ्यावी, तिच्यात सांगितलेली वस्तुस्थिती खरी होती. त्या काळी प्रतिष्ठित घरातील मुलास गाणे शिकविणे हे वाईट चालीचे लक्षण समजले जाई, मुलींची तर गोष्टच नको. कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या मुलास मात्र गाणे व प्रतिष्ठा यांची फारकत ठाऊक नव्हती; कीर्तनात गायन, उपदेश व लोकांची उपस्थिती ही तिन्ही एकत्रच असतात. पुढे त्यांनी आपल्या शिक्षकांस 'उपदेशक' हे नाव दिले, हे या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. गवई, उस्ताद, मास्तर हे शब्द प्रचारात असता हा शब्द निवडण्यात कार्याचे स्वरूपच सांगितले आहे.

बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले, आणि ५ मे १९०१ रोजी (शके १८२३) लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय उघडले. मराठी मनुष्याने मराठी मुलखापासून इतक्या दूर शाळा काढावी, हे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु जेथे आपली पूर्वीची ओळख नाही, घराण्याचे हेवेदावे नाहीत, तेथे नवी रीत पाडणे सोपे, हा व्यवहारही त्यात होता.

विद्यालयाचा खर्च शिकणाऱ्यांची फी, जाहीर जलसे, वर्गणी व देणग्या यांवर चाले. संस्थानिकांच्या देणग्या बुवांनी नाकारल्या नाहीत. परंतु विद्यालय कोणा एका दरबाराचे खाते झाले नाही. बडोद्याच्या शाळेहून हे निराळेपण मोठे आहे. राजाचा आश्रय तुटला तर दरबारी शाळा बंद पडते. लोकांच्या आश्रयावर चालणारी शाळा कर्जात बुडू शकते, पण तिला कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. पुढे या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय आला.

(४) उपदेशकवर्ग

विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी असत. एक, फी देऊन ठरावीक वेळी येणारे गृहस्थ, मुले व (निराळ्या वर्गात) स्त्रिया. यांस थोडे स्वरज्ञान, सोपे राग व भजने येऊ लागली म्हणजे बस असे. दुसरे, उपदेशकवर्गाचे विद्यार्थी. हे बहुतेक गरीब घरांतील मुलगे. यांच्या राहण्याजेवणाचा भार विद्यालयाने उचलावयाचा, फी घ्यावयाची नाही, आणि त्यांनी ठरलेली वर्षे पुरी होईपर्यंत सोडून न जाण्याचा करार लिहून द्यावयाचा. शिक्षण चालू असताच खालच्या वर्गांस शिकविण्याचे काम त्यांच्याकडे असे.

या व्यवस्थेत जुन्याचा व नव्याचा मिलाफ कसा आहे तो पाहावा. गुरुगृही राहणे, पहाटेची मेहनत, सेवा, ब्रह्मचर्याची शिस्त, हे सर्व जुनेच. पण सेवेचा मोबदला अनिश्चित न ठेवता त्याचा करार झाला. शिक्षणाचा क्रम गुरूच्या लहरीवर न ठेवता तो अभ्यासक्रमाने बांधला. आणि शिष्याची परीक्षा मैफलीत न घेता वर्गात घेतली. ज्यास दहा अजाण मुलांस एकदम षड्ज लावता येत नाही तो कितीही चांगला गात असो, उपदेशक म्हणून कच्चाच, ही कसोटी हिंदुस्थानी संगीतात त्यापूर्वी इतक्या स्पष्टपणे कोणी लावलेली दिसत नाही.

वर्गासाठी पुस्तके हवीत म्हणून बुवांनी स्वतःची स्वरलिपी बसविली व छापखानाही उभारला. 'संगीत बालप्रकाश', 'संगीत बालबोध', 'रागप्रवेश', 'महिला संगीत' इत्यादी पुष्कळ पुस्तके त्यातून निघाली. १९०५ पासून 'संगीतामृत प्रवाह' हे मासिकही निघू लागले. वाद्ये बनविण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखानाही विद्यालयास जोडलेला होता. उपदेशक दुसऱ्या गावी जाऊन शाळा काढील तेव्हा त्याच्याजवळ अभ्यासक्रम, पुस्तक व वाद्य ही तिन्ही असली पाहिजेत, हे धोरण या सर्व उद्योगांच्या मुळाशी दिसते.

इंग्लंडात जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकात रविवारच्या शाळांतील मुलांसाठी सोपी स्वराक्षरांची पद्धत प्रचारात आणली व तीसाठी शिक्षक तयार केले, ही गोष्ट येथे तुलनेस घेण्याजोगी आहे. तेथेही भक्तिगीत, सोपी लिपी व शिकविलेला शिक्षक हे त्रिकूट एकत्र आढळते. दोन्ही ठिकाणी गरज सारखी होती, म्हणून उपायही सारखा सुचला.

(५) मुंबई, कर्ज व लिलाव

लाहोरचे विद्यालय शिष्यांच्या हाती सोपवून बुवांनी १९०८ साली मुंबईस शाखा काढली. येथे कार्य झपाट्याने वाढले. विद्यार्थी वाढले तशी जागा अपुरी पडू लागली, म्हणून सँडहर्स्ट रोडवर स्वतःची मोठी इमारत कर्ज काढून उभारण्यात आली. १९१५ साली विद्यालय तीत गेले. व्याज व हप्ते भागविण्यासाठी बुवांस गावोगाव जलसे करीत फिरावे लागे. त्यांचे मन उत्तरोत्तर रामभक्तीकडे वळत गेले, नाशिक येथे रामनाम आधार आश्रम निघाला, आणि मुंबईच्या देण्याचा बोजा हलका होईना. अखेर १९२३–२४ च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली.

साधारण संस्थेचा इतिहास येथे संपावयाचा. संस्थापक संसारातून मन काढून घेतलेला, इमारत परक्याच्या हाती, तिजोरी रिकामी. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे बुवांचे देहावसान झाले. त्याच साली शिष्यमंडळी अहमदाबादेस जमली व त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. गुरूच्या मृत्यूनंतर थोड्याच महिन्यांत, हाती कोणतीही मिळकत नसता, निरनिराळ्या प्रांतांत विखुरलेल्या शिक्षकांनी एकत्र येऊन एक अभ्यासक्रम व एक परीक्षा ठरवावी, ही गोष्ट उपदेशकवर्गाचे फळ आहे. त्यांस एकत्र ठेवणारी दुसरी कोणतीही मालमत्ता नव्हती.

(६) शिष्यशाखा

या वर्गातून व त्याच्या छायेखालून निघालेल्या मंडळींची कामगिरी संक्षेपाने अशी. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीस गांधीजींच्या आश्रमात गेले. आश्रमातील प्रार्थनेस त्यांनी सूर दिला, 'आश्रम भजनावली' संकलित केली, १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले, आणि १९३८ साली हरिपुरा येथे वारले. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले व 'राग विज्ञान' ही सात भागांची पाठ्यमाला लिहिली. त्यांचेच शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीस विद्यालय उघडले. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत संगीतविद्यालय सुरू केले. शंकरराव बोडस कानपुरास व वि. अ. कशाळकर प्रयागास स्थायिक होऊन शिकवू लागले. शंकरराव व नारायणराव हे व्यासबंधू मुंबईस राहिले. ओंकारनाथ ठाकूर तरुणपणीच लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले, आणि १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाची धुरा त्यांच्याकडे आली. वीस वर्षांचा असता ज्याने उपदेशक म्हणून खालच्या वर्गास सरगम शिकविली, तोच पुढे विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापन उभारतो. गुरुगृहापासून विश्वविद्यालयापर्यंतचा हा मार्ग एका आयुष्यात पुरा झाला.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा मार्ग निराळा. त्यांनी चिजा जमविल्या, रागांचे वर्गीकरण केले, ग्रंथ लिहिले. परंतु विद्यालय काढण्याची वेळ आली तेव्हा त्यांसही प्रथम शिक्षकच तयार करावे लागले. माधवराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या काही गायकांस, त्यांत राजाभैया पूछवाले होते, मुंबईस भातखंड्यांकडे शिकण्यास पाठविले, आणि ते परतल्यावर १९१८ साली ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय चालू झाले. लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ साली निघाले. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुढे छत्तीसगडातील खैरागड या लहानशा संस्थानी गावी १९५६ साली स्थापन झालेल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. मोठ्या शहरापासून दूर, खेड्यांनी वेढलेल्या गावी केवळ कलांसाठी विश्वविद्यालय निघू शकले, कारण तोवर ठरावीक अभ्यासक्रमाने शिकविणाऱ्या शिक्षकांची एक पिढी देशभर उभी राहिली होती. दोन्ही पंडितांचे मतभेद प्रसिद्ध आहेत. या एका बाबतीत दोघांचा अनुभव एकच ठरला.

(७) एका आक्षेपाचा विचार

या विद्यालयांवर आरंभापासून एक आक्षेप घेण्यात येतो, तो असा की, वर्गात घाऊक शिकवून गवई होत नाही. विद्यालयाने सुमार गायकांची फौज निर्माण केली. आक्षेपात तथ्यांश आहे. आठवड्यातून दोन-तीन तास शिकून, ठरावीक राग पाठ करून परीक्षा उतरणारा मनुष्य मैफलीचा गायक होत नाही, हे सर्वांस विदित आहे. स्वतः बुवांनीही चांगले श्रोते निर्माण करणे हेच आपल्या विद्यालयाचे मुख्य काम मानले, असे त्यांच्या शिष्यांच्या सांगण्यावरून कळते.

तथापि आक्षेपकांनी एका गोष्टीचा जाब द्यावा. बुवा वारले तेव्हा त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय हे अवघे दहा वर्षांचे होते. वडिलांची विद्या त्यांस वडिलांकडून मिळणे शक्य नव्हते. ती त्यांस विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांकडून मिळाली, आणि दत्तात्रेय विष्णु पलुसकर (१९२१–१९५५) यांचे गायन कोणत्या प्रतीचे होते हे रसिकांस सांगणे नलगे. जुन्या रीतीत बाप अकाली गेला म्हणजे घराण्याची विद्या गेली असे घडे. येथे बापाने परक्यांच्या मुलांस मनमोकळेपणाने दिलेली विद्या त्या परक्यांनी त्याच्या मुलास परत केली. तसेच कुमार गंधर्वांसारखा स्वतंत्र प्रज्ञेचा गायक देवधरांच्या विद्यालयात वाढला, हेही विसरता येत नाही. विद्यालय प्रतिभा उत्पन्न करू शकत नाही. प्रतिभा जन्मास येईल तेव्हा तिला शिकविण्यास कोणीतरी जिवंत असावा, एवढी तजवीज ते करते.

(८) दोन स्वरलिपी व त्यांच्या खुणा

आता वह्यांकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गायनशिक्षकांच्या व विद्यार्थ्यांच्या वह्या सामान्यतः दोनपैकी एका लिपीत असतात: पलुसकरांची किंवा भातखंड्यांची. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांचा प्रसार झाल्यावर त्यांची सुटसुटीत लिपी सर्वत्र रूढ झाली, व पलुसकरी लिपी वाचणारे उत्तरोत्तर विरळ होत चालले. यात एक धोका आहे. दोन्ही लिपींत चिन्हे बहुतांशी तीच, अर्थ मात्र भिन्न, कोठे कोठे अगदी उलटे. पलुसकरी लिपीतही काळानुसार व शिष्यपरत्वे फेरबदल झाले. खाली दिलेले रूप सामान्यतः प्रचारात स्थिर झालेले होय.

(अ) स्वराच्या माथ्यावर बिंदू: पलुसकरी लिपीत मंद्र सप्तक; भातखंडे लिपीत तार सप्तक. भातखंड्यांचा मंद्र बिंदू स्वराखाली असतो.

(आ) स्वराच्या माथ्यावर उभी रेघ: पलुसकरी लिपीत तार सप्तक, भातखंडे लिपीत ती मध्यमावर येते व तीव्र मध्यम दाखविते.

(इ) स्वराखाली आडवी रेघ: पलुसकरी लिपीत त्या स्वराचा काल एक मात्रा, भातखंडे लिपीत कोमल स्वर. पलुसकरी लिपीत कोमल स्वर हलन्त चिन्हाने, म्हणजे पाय मोडून, दाखवितात.

(ई) स्वराखाली शून्य: पलुसकरी लिपीत अर्धी मात्रा. भातखंडे लिपीत शून्य हे तालाच्या ओळीत येते व खालीची जागा दाखविते.

(उ) ताल: पलुसकरी लिपीत समेवर १ चा आकडा व खालीवर अधिकाचे (+) चिन्ह, भातखंडे लिपीत समेवर गुणाकाराचे (×) चिन्ह व खालीवर शून्य.

वाचनात चूक झाल्यास अनर्थ किती होतो याचे एक उदाहरण पुरे. भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर, सर्व शुद्ध. पलुसकरी लिपीत एकेका मात्रेची सरळ सरगम लिहिली तर प्रत्येक स्वराखाली आडवी रेघ येईल. ती वही भातखंडे लिपीची सवय असलेल्याने वाचली तर त्यास रे, ग व ध कोमल दिसतील. म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहरी गावयाचा भूप सकाळचा भूपाल तोडी होऊन बसेल. त्याच वहीत मंद्र धैवतावरील बिंदू तो तार धैवत म्हणून वाचील, आणि खर्जाकडे उतरणारी ओळ एकदम आकाशात जाईल.

पण याच उदाहरणात ओळखीची किल्लीही आहे. षड्ज व पंचम हे अचल स्वर. ते कोमल होत नाहीत. सबब ज्या वहीत सा किंवा प यांच्याखाली आडवी रेघ असेल ती वही भातखंडे लिपीतील असणे शक्य नाही. ती रेघ मात्रेचीच होय. दुसरी कसोटी चालीची: बिनबिंदूच्या दोन षड्जांच्या मधोमध माथ्यावर बिंदू असलेला निषाद आला, तर तो शेजारचा मंद्र निषाद मानणे स्वाभाविक आहे, तार निषाद मानल्यास गळ्यास जवळजवळ दोन सप्तकांची उडी दोनदा मारावी लागेल. तिसरी कसोटी तालाच्या ओळीची, ती वर दिलीच आहे. तिन्ही कसोट्या एकमेकींस मिळाल्याखेरीज निर्णय देऊ नये. कारण एका पद्धतीत शिकून दुसऱ्या पद्धतीच्या परीक्षेसाठी शिकविणाऱ्या शिक्षकांच्या वहीत दोन्ही लिपींची सरमिसळ होणे अगदी संभवनीय आहे. अशा मिश्र वह्या टाकाऊ नसून उलट अधिक मोलाच्या, कारण दोन परंपरा एका हातात कोठे मिळाल्या हे त्याच दाखवितात.

(९) उपसंहार व विनंती

ऐतिहासिक कागदांचा संग्रह करणारे आपण सनदा, महजर, बखरी व पोथ्या यांस जपतो. गायनवर्गाची शाईने डागळलेली वही मात्र रद्दीत जाऊ देतो. ती जुनी दिसत नाही, तिच्यावर मोहर नसते, आणि तिच्या मालकाचे नाव कोणत्याही इतिहासात आलेले नसते. परंतु छापील पुस्तकात चिजेचे सर्वसंमत रूप येते. अमुक शिक्षकाने अमुक गावी ती प्रत्यक्षात कशी शिकविली, कोणती हरकत वर्ज्य केली, कोणता शब्द बदलला, हे वहीतच सापडते. देवधरांनी थोर गवयांच्या हकीकती मंडळाच्या 'संगीत कला विहार' मासिकातून (आरंभ १९४७) लिहून ठेवल्या, म्हणून त्या आज उपलब्ध आहेत. सामान्य शिक्षकांच्या हकीकती लिहिण्यास कोणी देवधर नव्हता. त्यांची वही हेच त्यांचे चरित्र.

मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंतच्या परीक्षा देणारी मुले ठाणे, कल्याण व डोंबिवली या टापूत घरोघर आढळतात. या टापूची वस्ती झपाट्याने पालटली आहे. ठाण्याच्या उत्तरेस उल्हासच्या खाडीवर वसलेले कोलशेत हे जुने गाव आता उंच इमारतींच्या शहरात मिसळून गेले. वाडे व चाळी पडतात, कुटुंबे नव्या लहान घरांत जातात, आणि अशा स्थलांतरात प्रथम टाकले जाते ते आजीआजोबांचे कागदांचे गाठोडे. तेव्हा या भागातील संग्राहकांनी पुढील गोष्टी कराव्यात. वही मिळाल्यास तिच्यासोबतची प्रमाणपत्रे, फीच्या पावत्या व छापील अभ्यासक्रम वेगळे करू नयेत. त्यांवरून काल व स्थल ठरते. शिक्षकाचे नाव, गाव व गुरू यांची माहिती घरच्यांस विचारून त्याच दिवशी टिपावी. वहीची छायाचित्रे घ्यावीत, आणि नक्कल करणे झाल्यास लिपीचे रूपांतर न करता प्रत्येक रेघ, बिंदू व शून्य जेथे आहे तेथेच उतरावे. अर्थ लावण्याचे काम मागाहून, निराळ्या कागदावर करावे. एका बिंदूच्या स्थानावर सप्तक अवलंबून आहे, हे वर दाखविलेच आहे.

बुवांनी इमारत बांधली ती गेली. त्यांनी माणसे शिकविली ती राहिली, व त्या माणसांनी वह्या लिहिल्या. माणसेही आता गेली आहेत. वह्या अजून काही घरांत आहेत.